परक्या विहिरीची जिवाणी

८ नोव्हेंबर १९४३

इंजिन सुरू झालं. लालासाहेब मिस्त्रीने चाक फिरवलं, दोनदा नुसतंच खोकलं आणि तिसऱ्यांदा असं धडाडलं की शेजारच्या मळ्यात केरबातात्यांचे बैल दावं तोडून पळाले. कुंडलच्या एका बंद पडलेल्या गिरणीतलं जुनं इंजिन आहे, पण आमच्या गावात विहिरीवर बसलेलं पहिलंच. पाटात पाणी आलं तेव्हा मी टोपी काढून हवेत उडवली. आप्पांनी ती उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली. 

ही वही त्यासाठीच काढली आहे. मी मॅट्रिक होऊन सांगलीहून परत आलो तेव्हा लोक म्हणाले, कल्लाप्पाचा वर्धमान शिकला आणि शेवटी बैलाच्या शेपटीलाच आला. आता बघा म्हणावं. आप्पांच्या मोटेने दिवसभर जेवढं भिजायचं तेवढं आता न्याहारीपर्यंत भिजतं.

आप्पांचा सगळा जीव पानमळ्यात. शेवरीवर आणि पांगाऱ्यावर चढवलेल्या या पानवेली त्यांनी माझ्या जन्माआधी लावल्या. आमची पानं मिरज स्टेशनवरून मुंबईला जातात आणि तिथला व्यापारी करंडी न उघडता घेतो. आत जायचं ते पाय धुऊन, अनवाणी. विटाळशी बाईची सावलीसुद्धा नको. देवळाला नसतील इतके नेम. मी आज गडबडीत वहाणा घालून आत गेलो तर आप्पा माझ्या पायांकडे बघत राहिले. शेवटी मीच ओशाळून बाहेर आलो.

२१ नोव्हेंबर

आमच्या घरात पाणी पितात कमी आणि गाळतात जास्त. रोज सकाळी आक्का विहिरीवर दुपदरी फडकं धरते. माझी आई सत्तरीला आली, पण हे काम सुनेला करू देत नाही. पाणी गाळून झालं की फडक्यात जे बारीक जीव राहतात, वळवळे, पाणकिडे, डोळ्यांना न दिसणारे आणखी कोण कोण, ते फडकं उलटं करून बादलीत उतरवायचे. बुडाला कडी असलेली ती बादली पाण्याला टेकवून मगच कलती करायची, म्हणजे जीव उंचावरून आपटत नाहीत. याला जिवाणी म्हणतात. आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जिवाणी. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत आणि मेले तर ते पाप आपल्या माथ्यावर.

आप्पा एकदा केरबातात्यांच्या विहिरीवर पाणी प्याले आणि जिवाणी सोडायची राहिली म्हणून अर्ध्या वाटेवरून परत गेले होते. केरबातात्या अजून ते सगळ्यांना सांगतात. तात्या मराठ्यांचे, आमचं बांधाला बांध. दोघांचा चाळीस वर्षांचा पैरा, त्यांच्या कामाला आमचे हात आणि आमच्या कामाला त्यांचे.

मी आज आक्काला म्हटलं, इंजिन एका तासात इतकं पाणी उपसतं, त्यातल्या जिवांचं काय? ती म्हणाली, "ते तुजं तू बग." शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला लागला नाही.

१७ जानेवारी १९४४

क्रूड तेल मिळेनासं झालं. लढाई तिकडे ब्रह्मदेशात आणि तेल आटलं आमच्या पिंपात. परमिटवर मिळतं ते आठवडाभरही पुरत नाही. इंजिन उभं आहे आणि आप्पांनी न बोलता पुन्हा मोट जुंपली. केरबातात्या बांधावरून ओरडले, "आवं कल्लूआण्णा, ह्येचा बैल तेल पितुया, आमचा गवात खातुया. गवताला परमिट न्हाई बगा!" सगळे हसले, आप्पासुद्धा. मीही हसल्यासारखं केलं. आतून मात्र अंगाचा तिळपापड झाला. उद्या सांगलीला जातो.

६ फेब्रुवारी

काम फत्ते. लष्करी रस्त्याच्या कामावरचा एक मुकादम भेटला. त्याच्याकडून भरलेलं पिंप मिळालं. कुठून आलं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुरवठा खात्याचा माणूस झडती घेतो, म्हणून पिंप पडवीत ठेवता येत नाही. दुपारी घरातली सगळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेली तेव्हा पाटाच्या तोंडाशी, विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा घेतला, पिंप उभं पुरलं आणि त्यावर शेणखताचा ढीग ओढला. बूच तेवढं वर आहे. ढिगात हात घातला की सापडतं.

पिंपाच्या एका सांध्याला ओल दिसली. डांबर फासलं. धरणीसारखी तिजोरी नाही. चोराला कळत नाही, सरकारला कळत नाही आणि ती स्वतः काही मागत नाही.

१२ मार्च

एक शोध लागला. पाटाच्या तोंडाशी हरळी माजली होती, ती वाळून कोळ झाली आहे. लव्हाळासुद्धा. हरळी म्हणजे शेतकऱ्याची सातजन्मीची वैरीण, कुदळीने खणली तरी एका कांडीवरून पुन्हा उठते. इथे कोणी हात लावला नाही आणि मेली! इंजिनाचं जळकं काळं तेल मी त्याच बाजूला फेकत होतो, त्याचाच हा प्रताप. आता ते वाया घालवायचं नाही. आज डबा घेऊन पाटाच्या दोन्ही काठांना पानमळ्याच्या आतपर्यंत ओतत गेलो.

आप्पा बघत होते. म्हणाले, "कशापाय ह्ये?"

मी समजावलं. कुदळ मारली की किती गांडुळं तुटतात? तुम्हीच तर हरळी हाताने उपसता, जीव मरू नयेत म्हणून. आता कुदळही नको आणि हत्याही नको. तेल आपलं आपण काम करतं. धर्माला धरून आहे.

आप्पा खाली वाकले, चिमूटभर माती उचलून बोटांत चोळत राहिले. "माती काळी दिसती," म्हणाले.

"मग चांगलंच की," मी म्हणालो. आमची जमीन तांबूस, त्यांना आयुष्यभर काळीची हाव. त्यांनी बोटं धोतराला पुसली. डाग गेला नाही.

२९ मार्च

परमिटच्या तेलावर जमेल तेवढे दिवस इंजिन चालवायचं आणि पुरलेलं पिंप अडीअडचणीला ठेवायचं, असं ठरवलं होतं. आज बांबूची काठी घालून बघितली. तेल चांगलंच खाली गेलं आहे. मी एक थेंब काढलेला नाही. बूच घट्ट होतं. मग गेलं कुठे?

ढीग कोणी हलवल्यासारखा वाटला. कोंबड्यांनीही उकरला असेल. पण कोंबड्या तेल पीत नाहीत.

४ एप्रिल

पानवेलींची उतरण झाली. वर्षभर वर चढलेला वेल शेवरीवरून सोडवायचा, त्याचं वेटोळं करून बुडाशी मातीत पुरायचं आणि शेंडा तेवढा पुन्हा वर बांधायचा. पुरलेल्या पेरांना नवी मुळं फुटतात आणि म्हातारा वेल तरुण होतो. हे काम आप्पा कोणाला देत नाहीत, फक्त केरबातात्यांचा हात चालतो. दोघे म्हातारे उकिडवे बसून वेल असा निजवत होते की जणू बाळ पाळण्यात ठेवताहेत. गुणमाला बांधापलीकडून पाणी आणि भाकरी देऊन गेली. एरवी माझी बायको कामाच्या दिवशी आत येते, पण आज अडचणीची होती म्हणून लांबच राहिली.

दुपारी केरबातात्या पाटाच्या तोंडाशी थांबले, नाक वर करून म्हणाले, "वर्धमाना, हितं रॉकेलचा वास येतुया रं. लय येतुया."

मी म्हणालो, माझ्या कपड्यांचा असेल. पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिथे तेल आहे हे माझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही. मग या माणसाचं नाक नेमकं तिथेच कसं गेलं? चोर आपणहून जागा दाखवतो म्हणतात ते असं.

संध्याकाळी आप्पाही म्हणाले, "मातीला वास हाय." मी म्हणालो, इंजिन आलं की वास आलाच.

९ एप्रिल

तेल आणखी खाली गेलं. राहवलं नाही. तेल मोजायची काठी हातात घेऊनच बांधावर गेलो आणि केरबातात्यांना सरळ विचारलं, माझं पिंप तुम्ही कधीपासून उपसताय? त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"मी तेल चोरतुय? माजं पोरगं लढाईवर हाय, माज्या घरात कंदिलाला तेल न्हाई, दीस मावळला की आमी जेवून निजतुय. आन मी तुजं तेल चोरतुय?"

मी म्हणालो, मग वास बरा आला.

"वास नाकाला येतु रं. नाक माजं हाय." एवढं बोलून त्यांनी ढेकूळ उचललं, कपाळाला लावलं आणि म्हणाले, "ह्या काळ्या आईची आन. तुज्या बांधाला ह्या जन्मात पाय लावनार न्हाई." आणि निघून गेले.

आप्पांना बातमी लागली. ते जेवले नाहीत. आम्ही जैन कांदा खात नाही, पण नाकाने सोलायला काय हरकत, असं मला उगाच सुचलं आणि तात्यांच्या रुबाबाचं हसू आलं. आता लिहिताना येत नाही.

२२ एप्रिल

आक्का आज भारी खूष. चार-पाच दिवस झाले, फडक्यात एकही जीव निघत नाही. "पानी कसं काचंवानी झालंय बग. आपल्या हातनं आता एक जीव मरत न्हाई. कायतरी पुण्य फळलं." तिने रिकामं फडकंसुद्धा नेमाने बादलीत झटकलं आणि बादली पाण्याला टेकवून कलती केली. मी म्हणालो, बघ, इंजिनाच्या पायगुणाने विहीरच अहिंसक झाली. ती मनापासून हसली.

आप्पा तिथेच होते. विहिरीच्या कठड्याला हात टेकून बराच वेळ खाली बघत होते. बेडूक ओरडत नाहीत म्हणाले. म्हातारपणी माणसाला काय काय ऐकू येतं आणि काय काय येत नाही!

११ मे

पाटाच्या तोंडाजवळच्या वेलींची पानं पिवळी पडली. ऊन जास्त आहे. पाणी वाढवलं.

१९ मे

पाणी देऊनही वेल माना टाकतात. गंमत अशी की पाणी मुरतच नाही. मातीवर नुसते मणी होऊन घरंगळतं, तव्यावर शिंतोडा मारावा तसं. मुळाशी बोट घातलं तर आत कोरडं. सांगलीच्या शेतकी दुकानातून मोरचूद आणलं. ही "मर" असावी. पुस्तकात तिची चिन्हं बरोबर अशीच दिली आहेत.

गुणमाला म्हणते भाताला चिमणीच्या धुराचा वास येतो. मी म्हणालो, चूल नीट फुंकत जा. प्यायचं पाणी मात्र ती परवापासून गावातल्या आडावरून आणते.

२८ मे

आज उतरणीचा एक वेल आप्पांनी उकरला. पुरलेल्या पेरांना मुळं नाहीत. कांडं काळं आणि मऊ झालं होतं, नुसत्या चिमटीने सालपट निघून आलं. त्यांनी दुसरा उकरला, तिसरा उकरला. मग उकरायचं थांबवलं.

आक्का घरी येऊन गुणमालेवर घसरली. उतरणीच्या दिवशी तू आत शिरलीस, विटाळ झाला, वेल उलथला. गुणमाला म्हणाली, मी बांधाबाहेर होते. आक्का म्हणाली, मग सावली पडली आसंल. पुढे आक्का असं काही बोलली की ते लिहिण्याजोगं नाही.

गुणमाला माझ्याकडे बघत होती. ती बांधापलीकडेच उभी होती, हे मी पाहिलं होतं. पण सावलीचं कोण सांगणार? शिवाय मला स्वतःला विटाळ-बिटाळ पटत नाही, त्यामुळे मी त्या वादात पडलो नाही. घरात एकाने तरी डोकं थंड ठेवायला हवं.

ती आज निजायला आक्काच्या खोलीशेजारच्या कोठीत गेली.

२३ जून

पाऊस लागला. शेणखताचा ढीग वाहून अर्धा झाला. पाटातून जे पाणी पानमळ्यात उतरतं त्यावर रंग दिसतात, निळे, जांभळे, मोराच्या पिसासारखे. गावातली पोरं बघायला आली. विहिरीतही तसेच. आक्का म्हणाली, इंद्रधनुष्य पाण्यात उतरलं. यावेळी ती हसत नव्हती.

मी उद्या पिंप काढतो. परमिटचं तेल वाचवायचं तर हे आहे ते आधी वापरून टाकावं. पानमळ्यात आता भिजवण्यासारखं फार राहिलेलं नाही.

२४ जून

पिंप काढलं. दोघांचा जोर लागेल म्हणून गड्याला हाक मारणार होतो, पण एका हाताने उचललं गेलं. रिकामी टोपली उचलावी तसं. खाली बुडाशी सांधा होता तिथे पत्राच नाही. शेणाच्या खारटपणाने आधी खाल्ला आणि बाकीचं गंजाने. खड्ड्यातली माती काळी, चिकट, हाताला चरबीसारखी. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. खड्डा खोल केला. काळीच. बाजूला खणलं. काळीच. पाटाकडे खणत गेलो, विहिरीकडे खणत गेलो. एक गांडूळ दिसेल म्हणून शोधत होतो. कधी गांडूळ शोधायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

किती वेळाने कोण जाणे, मागे आप्पा उभे होते. पावसात, डोक्यावर घोंगडं नाही.

"किती हुतं त्यात?"

"भरलेलं होतं आप्पा."

"केरबानं न्हेलं न्हाई तर."

मी मान हलवली.

"मग हिनंच प्यालं," ते म्हणाले आणि पायाने मातीला नमस्कार करावा तसा अंगठा टेकवला. "आन तू वरनं आनखी पाजलंस."

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

७ जुलै

आप्पा रोज पाटीने माती उपसून माळावर टाकतात. मीही टाकतो.  माळावर जिथे टाकली तिथलं कुसळही जळलं.

आक्काला सगळं सांगितलं. गुणमालेला काय सांगू? ती सगळं ऐकत दारात उभी होती. आक्का तिला म्हणाली, "जा बाई, मळ्यात जा, तुजा काय दोष न्हाई." ती म्हणाली, "मी न्हाई जानार. न जानो कवा सावली पडंल." तिच्या आवाजात राग असता तर मी काही बोललो असतो.

३० जुलै

विहीर दोनदा उपसली. पाणी पुन्हा येतं ते वासासकट. फडकं रोज रिकामं. आक्काने आता ते झटकणं सोडलं आहे.

आज सकाळी आप्पा तांब्या आणि आक्काचं फडकं घेऊन बाहेर पडले. मला वाटलं बस्तीत जातात. ते केरबातात्यांच्या बांधावर गेले. मी पांगाऱ्याआडून बघत होतो. आडोशाला उभं राहायची सवय मला या वर्षीच लागली.

आप्पा म्हणाले, "केरबा, तुज्या हिरीतलं थोडं जीव दे मला."

तात्यांना कळेना. "पानी पायजे व्हय आण्णा?"

"पानी न्हवं. त्यातलं जीव. आमची हीर मेली. मेल्या पान्यानं माती कशी उटंल?"

केरबातात्या म्हणाले, "आवं, पन तुमचा धरम? दुसऱ्या हिरीत सोडल्यावर मरत्यात म्हनून तर तुमी माज्या हिरीवर अर्द्या वाटंनं परत आला हुता."

"मरत्याल की. लय मरत्याल. त्यातलं एकांदं टिकंल."

तात्यांनी स्वतः पोहरा सोडला. आप्पांनी फडकं धरलं, जे आलं ते तांब्यात उतरवलं, पदरात काही जपावं तसं तांब्यावर हात धरून चालत आले आणि आमच्या विहिरीत बादली टेकवून सोडलं. मग घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्येंची हत्या माज्या माथ्यावर. तुमच्यातल्या कुनी ह्या कामाला हात लावायचा न्हाई." आणि त्या दिवसाचा उपवास धरला.

जन्मात मुंगी ओलांडून चालणारा माणूस. आक्का देवापुढे बसून रडली. 

१४ ऑगस्ट

आप्पा एक दिवसाआड जातात. जेवढे दिवस जातात तेवढे उपवास. मधल्या दिवशी खातात, तेही भाकरीचा चतकोर. मी म्हणालो, आप्पा, मी जातो. म्हणाले, "तुज्या नावावर आदीच पुष्कळ हाय." टोमणा नव्हता. मुलाच्या पाठीवरचं ओझं कमी करायला बघणाऱ्या बापाचा आवाज होता तो आणि म्हणूनच सहन झाला नाही.

३ सप्टेंबर

पर्युषण संपलं. आज क्षमावाणी. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर क्षमा करा, असं घरोघर जाऊन हात जोडायचे. सांगली-मिरजेच्या पाहुण्यांना कार्डं टाकली, बस्तीत सगळ्यांचे पाय धरले. ज्यांच्याशी माझं कधी वाकडं नव्हतं त्या सगळ्यांची क्षमा मागून झाली.

गुणमालेपुढे हात जोडले. तिने रीतीप्रमाणे "उत्तम क्षमा" म्हटलं आणि ताट वाढायला गेली. केरबातात्यांच्या बांधापर्यंत गेलो होतो. ते दिसले नाहीत. खरं म्हणजे दिसले, पाठमोरे होते, आणि मी परत आलो.

१९ नोव्हेंबर

आप्पा गेले. आजार असा काही नव्हता. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा. काल सकाळपर्यंत तांब्या घेऊन जात होते. अखेरीला तात्यांच्या विहिरीच्या पायरीवर बसले ते उठता आलं नाही. केरबातात्यांनी पाठुंगळी आणून आमच्या बांधापर्यंत पोचवलं आणि तिथे खाली ठेवलं. आणभाक होती, बांधाला पाय लावला नाही. तिथून मी घेतलं. म्हाताऱ्याचं वजन त्या रिकाम्या पिंपाइतकंच भरलं.

आज पहाटे आक्काने णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. आप्पांचे ओठ हलत होते. मध्येच थांबून मला म्हणाले, "फडक्यात काय निगालं?"

मी म्हणालो, "निघालं आप्पा. एक वळवळा निघाला."

त्यांनी डोळे मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

निघालं नव्हतं. मी फडकं धरलंसुद्धा नव्हतं.

५ डिसेंबर

इंजिन विकलं. गुणमाला माहेरी गेली आहे, शिराळ्याला. कधी येणार विचारलं तर म्हणाली, मळ्यातला वास गेला की.

सगळी सांत्वनाला येतात आणि पानमळ्याकडे बघून जास्त गप्प होतात. वाळक्या शेवऱ्या उभ्या आहेत. खाली जमीन अशी आहे की तिच्यावर पाऊल उमटतं ते उमटलेलंच राहतं. वारा ते पुसत नाही, गवत ते झाकत नाही. माझंच एक वहाणेचं पाऊल पावसाळ्यापासून तिथे आहे.

११ फेब्रुवारी १९४५

आज आक्काने माझ्यापुढे फडकं ठेवलं. धुतलेलं, दुपदरी घडी घातलेलं. सोबत आप्पांचा तांब्या.  आप्पांनी मनाई केली होती आणि ती जन्मात त्यांच्या शब्दाबाहेर गेलेली नाही.

मी पाय धुतले, अनवाणी निघालो. बांधावर थांबलो. केरबातात्या मोट हाकत होते. त्यांनी मला बघितलं, बैल थांबवले आणि कासरा खांद्यावर टाकला. मी तयार करून गेलो होतो ते सगळं विसरलो. क्षमावाणीचं वाक्यसुद्धा आठवेना, जे मला पाळण्यापासून पाठ आहे.

"तात्या," म्हणालो, "थोडे जीव द्या."

त्यांनी माझ्या हातातल्या तांब्याकडे बघितलं. मग पुढे होऊन त्यांनी पोहरा सोडला. "थितं बस. त्या पायरीवर. म्हातारा थितंच बसायचा." मी बसलो. फडकं धरलं, अर्धं पाणी माझ्या मांडीवर सांडलं. फडक्याच्या मधोमध बारीक तांबूस कायतरी वळवळत होतं. एवढ्या वर्षांत मी ते कधी नीट बघितलं नव्हतं.

तांब्या भरून उठलो. तात्यांनी कासरा हातात घेतला होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काठी न्हाई आनली आज?"

मला कळलं नाही.

"मोजून ने रं. न्हाईतर उद्या येशील इचारत, केरबा, कमी कसं भरलं."

 ते रागाने बोलले की नाही हे मला सांगता येणार नाही, कारण बैलांकडे तोंड करून बोलले. तांब्यावर हात धरून बांध ओलांडला, सावकाश चालत आमच्या विहिरीशी आलो, बादली पाण्याला टेकवली आणि कलती केली.

पाण्यावर अजून रंग आहेत. ते जीव त्या रंगांत उतरले आणि मला दिसेनासे झाले. यातले जवळजवळ सगळे मरतील हे मला माहीत आहे. आज उपवास धरला.